प्लगचा रंग सांगणारे मामा

अख्ख्या नागपुरात हवेकडे खरं लक्ष असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. बाकीचे लोक ऊन किती आणि थंडी किती एवढंच बघतात. मामा हवा जाड आहे की पातळ ते बघतात. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वधूचा मामा कुठे दिसेना म्हणून शोधाशोध झाली, तर हे गृहस्थ कार्यालयाच्या मागच्या दारात, हातात अक्षता तशाच धरून, खिडकीच्या गजाला लावलेला थर्मामीटर वाचत उभे. भाचीच्या मागे उभं राहायचं सोडून इथे काय करताय म्हणून कोणीतरी दटावलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले की हवा चांगलीच जड आहे, आज गाडी न्यायला पाहिजे होती. माझ्या लग्नाबद्दल त्यांनी त्या दिवशी व्यक्त केलेलं हे एकमेव मत.

गाडी म्हणजे त्यांची शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल. सावनेरच्या एका भंगारवाल्याकडून उचलून आणलेली. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट तर नाहीच; त्यामुळे रस्त्यावर ती एक फूटही चालत नाही. उमरेड रोडला एका हौशी माणसाने आपल्या पडीक जमिनीवर वळणावळणाचा ट्रॅक बांधला आहे. हिवाळ्यात महिन्यातून एक रविवार तिथे कोणीही आपली गाडी आणून मनसोक्त पळवावी, असा प्रकार असतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. त्या एका रविवारासाठी मामा उरलेले एकोणतीस दिवस गाडी उघडतात आणि जोडतात. हे सगळं हुडकेश्वरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, आणि त्यातही मुख्यतः मामींच्या स्वयंपाकघरात चालतं. इंजिनाच्या पेटीत नवं बेअरिंग बसवायचं तर पेटी गरम हवी आणि बेअरिंग थंड, हे शास्त्र आहे, असं मामा सांगतात. म्हणून मामींच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये इंजिनाची पेटी भाजली जाते आणि बेअरिंग फ्रिजमध्ये आंब्याच्या रसाशेजारी गारठत असतं. मसाल्याचा सात वाट्यांचा डबा तर कधीच गेला. त्यात आता पितळी जेट असतात. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्याला एक बारीक भोक असतं आणि इंजिनाला पेट्रोल किती मिळणार ते त्या भोकावर ठरतं. थंड, जड हवेत भोक मोठं लागतं, पातळ हवेत लहान; म्हणून तो थर्मामीटर. पेट्रोलमध्ये मिसळायचं एरंडेल तेल मामा इंजेक्शनच्या सिरिंजने मोजतात. मामींनी सुरुवातीला बरीच वर्षं भांडून पाहिलं. आता त्या पाहुण्यांना सरबतात बर्फ घालण्याआधी ट्रे उजेडात धरून बघतात, एवढंच.

तुम्हाला वाटेल मामा कुठे फिटर होते. नाही, ते शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, आणि खरी गंमत तीच आहे. ही गाडी नीट चालते आहे की नाही हे सांगणारी एकच चिठ्ठी इंजिनातून बाहेर येते, ती म्हणजे स्पार्क प्लग. ट्रॅकवर पूर्ण वेगाने फेरी मारायची, इंजिन एकदम बंद करायचं, प्लग खोलायचा आणि त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, गाडी नुसती धुरावते. बदामी असेल तर उत्तम. आणि पांढरा असेल तर देव आठवायचा. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन आतून भट्टीसारखं तापलेलं. पिस्टन जागच्या जागी पकडतो, मागचं चाक अडकतं आणि चालवणारा फेकला जातो. दुसरे लोक यासाठी महागडी यंत्रं लावतात. मामा म्हणत, "तीस वर्षं पोराइले रंग शिकवले मी. मले काहून पाहिजे मशीन?" आणि खरोखर, ट्रॅकवरचे तरुण आपापले प्लग घेऊन मामांकडे रांगेत उभे राहत. मामा एक डोळा मिटून प्लग आभाळासमोर धरत आणि निकाल देत. त्यावर अपील नसे.

गाडी चालवते मात्र त्यांची मुलगी मुक्ता. सोमवार ते शनिवार बँकेत कर्जाचे कागद तपासणारी ही शांत बाई रविवारी चामड्याचा अंगरखा चढवून गुडघा जमिनीला लागेल इतकी वळणावर झुकते. निघण्याआधी ती काहीही तपासत नाही. बाबांनी पाहिलंय ना, झालं तर मग, असं म्हणून हेल्मेट चढवते.

मागच्या वर्षी दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं आणि त्यावरून मामांचं रंगाऱ्याशी वाजलं. सांगितला होता पांढरा, आणि भिंत दिसते बदामी, असं मामांचं म्हणणं. रंगाऱ्याने डब्यावरचं नाव दाखवलं, दुसरा हात मारला, तिसरा मारला आणि चौथ्या दिवशी ब्रश घेऊन निघून गेला. मामी म्हणाल्या, भिंत दुधासारखी पांढरी आहे. तेव्हा मामांनी काय करावं? त्यांनी मामींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे तपासून निघाले ते मामींचे, आणि ते अगदी ठणठणीत. डॉक्टर म्हणाल्या, आलाच आहात तर तुमचेही पाहून घेऊ. मामा म्हणाले, मी चित्रकलेचा मास्तर आहो, आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवून उभे राहिले. ही गोष्ट मी त्या दिवाळीत निदान दहा घरी रंगवून सांगितली आणि सगळीकडे हशा झाला. तिच्यात काही वेगळं ऐकू यावं, इतकी अक्कल मला नव्हती.

डिसेंबरातल्या रविवारी मी मामांबरोबर ट्रॅकवर गेलो होतो. मुक्ताने एक फेरी मारली, मामांनी प्लग खोलला आणि माझ्यासमोर धरला. गेले दोन महिने प्लग जरा काळपट दिसत होता म्हणून ते जेट एकेक नंबरने लहान करत आणले होते, आता कुठे मनासारखा बदामी आला, असं ते मोठ्या समाधानाने सांगत होते. मी पाहिलं. मला तो पांढरा वाटला. पण मी पडलो जावई, त्यातून चित्रकलेत कायम काठावर पास झालेला. मास्तरांना रंग सांगणारा मी कोण? मी म्हणालो, "वा!"

दुसऱ्याच फेरीत लांबच्या वळणाआधी इंजिनाचा आवाज तुटला. कागद टराटरा फाडावा तसं काहीतरी ऐकू आलं आणि मुक्ता गाडीसकट गवतात घसरत गेली. मामा पळाले. सत्तरीच्या माणसाला मी तसं पळताना कधी पाहिलं नव्हतं. वाटेत गाडी पडली होती, तिचं पुढचं चाक अजून फिरत होतं. मामांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुक्ता आपली आपण उठून बसली होती. कोपर खरचटलं होतं, चामडं फाटलं होतं, बाकी ठीक होतं. इंजिन पकडल्याबरोबर तिने क्लच दाबला होता म्हणून वाचली. मामा तिचे हात, मान, पाय असे चाचपत राहिले. ती काही नाही झालं बाबा, काही नाही झालं म्हणत होती.

मग ते गाडीकडे आले. प्लग खोलून त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि माझ्या हातात दिला.

"खरं सांगा, जावईबापू. काय रंग आहे?"

"पांढरा आहे, मामा."

"आणि मघाशी?"

लाज वाटत होती, अजूनही वाटते. मी म्हणालो, मघाशीही मला पांढराच वाटला होता.

मामांनी प्लग परत घेतला, शर्टाला पुसला. बारा वर्षांत त्यांनी मला 'जावईबापू' आणि 'तुम्ही' याखेरीज काही म्हटलं नव्हतं; 'गा' ते फक्त घरच्या पोरांना म्हणत. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मंग बोलत जा गा. मले दिसून नव्हतं राहिलं."

जानेवारीत मामांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. इतके पिकले होते की सारं जग पिवळट तपकिरी गाळणीतून दिसत असणार, असं डॉक्टर म्हणाल्या. पट्टी निघाली त्या दिवशी मामा गच्चीवर जाऊन नुसते आभाळाकडे बघत बसले. निळा रंग इतका भडक असतो हे आपण विसरलोच होतो, म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती, म्हणून मामी रागावल्या.

यंदा पुन्हा थंडी पडली. नवा पिस्टन, नवं बेअरिंग, सगळं ओव्हन-फ्रिजमधून जाऊन जागेवर बसलं. ट्रॅकवर मामांनी प्लग खोलला, पाहिला आणि मुकाट्याने माझ्यापुढे धरला. स्वतः काय वाटतं ते बोलले नाहीत. मी उन्हात धरून, उलटसुलट करून पाहिला. मी म्हणालो, "मामा, मला थोडा पांढरा वाटतोय."

मामांनी पुन्हा एकदा त्या नव्या, लख्ख डोळ्यांनी प्लग पाहिला. एक क्षण त्यांच्या तोंडावर वर्गात माझ्यासारख्यांचं चित्र हातात आल्यावर यायचं तसं काहीतरी आलं आणि गेलं. मग त्यांनी डबा उघडला आणि एक नंबर मोठा जेट काढून बसवला.

गाडी त्या दिवशी नुसती धुरावत राहिली. वळणातून बाहेर पडताना अडखळायची, मागून येणारी पोरं मुक्ताला सहज ओलांडून जायची. चौथ्या फेरीनंतर ती आत आली, हेल्मेट काढलं आणि वैतागून म्हणाली की पेट्रोल किती जास्त होतंय, हा जेट ठरवला कोणी?

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, "मी."