चिंधाभाऊंचं भंगार

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुसऱ्या मजल्यावर चिंधाभाऊ नारखेडे यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दारावर पाटी आहे, 'चिंधा कॉम्प्युटर्स'. ती वाचून परगावचं गिऱ्हाईक दचकतं आणि पुढे जातं. मग चार दुकानं फिरून, चारही ठिकाणी 'हा टाकून द्या, नवीन घ्या' असा सल्ला ऐकून मुकाट्याने परत चिंधाभाऊंकडे येतं. माझा स्वतःचा कॉम्प्युटर त्यांनी एकोणीस वर्षांत सात वेळा मरणाच्या दारातून ओढून आणला आहे. तेव्हा या माणसाबद्दल मी तटस्थपणे लिहीन अशी आशा कोणी ठेवू नये.

नावाचं आधी सांगून टाकतो. भाऊ मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे. त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली. आमच्याकडे अशा घरात पुढचं मूल झालं की त्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे : चिंधा, दगडू, नाहीतर उखर्डू, म्हणजे उकिरड्यावरचा. हेतू असा, की मृत्यू दाराशी आलाच तर नाव ऐकून म्हणेल, 'हे काय न्यायचं?' आणि पुढच्या गल्लीत जाईल. भाऊंच्या आईने तर त्यांना फाटक्या लुगड्यात गुंडाळून पसाभर ज्वारीच्या बदल्यात शेजारणीला देऊन टाकलं होतं, आणि बाराव्या दिवशी परत आणलं. भाऊ आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि दीड भाकरी जास्त खातात. उपाय लागू पडला म्हणायचा.

कॉम्प्युटर त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो एका दालमिलच्या ऑफिसात. डॉसचा जमाना. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ, एवढाच संसार. "डॉस म्हणजे जुन्या वळणाचा सासरा," भाऊ सांगतात. "नेमकं बोला, काम होईल. एक अक्षर चुकलं की तोंड फिरवून बसेल. पण पाठीमागे कधी बोलणार नाही."

मग विंडोज आलं. चित्रं आली, रंग आले, उंदीर आला. अठ्ठ्याण्णव साली भाऊंनी कर्ज न काढता, दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन स्वतःचा पहिला कॉम्प्युटर घेतला. त्याला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले आणि कपाळावर चिकटपट्टीने नाव लावलं, 'लक्ष्मी'. चौथ्या महिन्यात विजेचा दाब कमी-जास्त झाला आणि लक्ष्मीच्या नाकातून धूर निघाला.

आई असोद्याहून भेटायला आली ती पदर खोचूनच. "तुले कोनी सांगितलं होतं लक्ष्मी नाव ठेवाले? लागली ना दिठ! तुह्यं सोताचं नाव पाय, आन् शिक काही!"

भाऊ शिकले. दुसऱ्या कॉम्प्युटरला त्यांनी 'खापर' नाव दिलं. खापर अकरा वर्षं चालला. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव होतं, मग एक्सपी आलं. उन्हाळ्यात दुकानातला माणूस वितळायचा, पण खापर नाही. तेव्हापासून दुकानाचा कायदा ठरला : वस्तू जितकी जिवाची, तितकं तिचं नाव वाईट.

एकदाच मोह झाला. व्हिस्टाच्या काचेसारख्या चकचकीत खिडक्या पाहून भाऊंनी त्या मशीनला 'सुंदरी' म्हटलं. सुंदरी सुरू करायची, खाली जायचं, चहा सांगायचा, चहा प्यायचा, टपरीवाल्याच्या सासुरवाडीची चौकशी करायची, वर यायचं, तोवर सुंदरी डोळे उघडत असायची. दोष आमच्या तोकड्या मशीनचा असेल, पण भाऊंनी तो नावाला दिला.

लिनक्सची सीडी त्यांना योगेंद्र नावाच्या इंजिनीअरिंगच्या पोराने आणून दिली.

"किती द्यायचे?"

"काही नाही भाऊ, फुकट आहे."

"मग गोम काय?"

"गोम नाही. लोकांनी मिळून बनवलंय, लोकांसाठी."

भाऊ हेलावले. गावाच्या भंडाऱ्यासारखं झालं हे : ज्याने त्याने पीठ-गूळ आणायचा, सगळ्यांनी जेवायचं. दीड वर्ष ते लिनक्सवर राहिले. पण गिऱ्हाईक पडदा पाहून विचारायचं, "भाऊ, ते हिरवं मैदान कुठे गेलं?" एक्सपीचं ते हिरवं मैदान आणि निळं आभाळ नसेल तर आपला कॉम्प्युटर बदलून दुसरा दिला, असा निम्म्या जळगावाचा समज होता. शेवटी लोकांना त्यांचं मैदान परत दिलं. लिनक्सची मशीन मात्र कोपऱ्यात अजून आहे, नाव 'उकिरडा'. व्हायरसने बरबटलेले पेन ड्राइव्ह आधी तिच्यात जातात आणि स्वच्छ होऊन बाहेर येतात.

विंडोज आठमध्ये सुरुवातीचं बटणच दिसेना, तेव्हा भाऊंनी भिंतीवर कागद डकवला : 'कॉम्प्युटर बंद कसा करावा', खाली बाणांसकट नकाशा. लोक लग्नाचा पत्ता उतरवून घ्यावा तसा तो उतरवून न्यायचे. गेल्या वर्षी विंडोज दहा सेवानिवृत्त झालं आणि अकरा म्हणालं, तुमची मशीन माझ्या लायक नाही. भाऊ म्हणाले, "स्थळ मोठं आहे. आपण हात जोडून परत यावं."

आता खरी गोष्ट. गेल्या दिवाळीची.

जळगावच्याच मेहरूण भागात रईसाबी राहतात. त्यांच्याकडे सुरतहून आणलेली जुनी भरतकामाची मशीन आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, तारेने मशीनला सांगायची, मशीन दुपट्टे भरते. हाताखाली दोन बाया आहेत. तीन घरांच्या चुली त्या सुईवर. अडचण एकच. नक्षीचा प्रोग्रॅम फक्त एक्सपीवर चालतो, त्याची सीडी केव्हाच खराब झाली, आणि तो बनवणारी सुरतची पेढीही बंद पडली. म्हणून दरवर्षी ईद झाली की चिंधाभाऊ रईसाबींच्या कॉम्प्युटरची अख्खी नक्कल एका वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवतात. एक्सपी, प्रोग्रॅम, चौदा वर्षांच्या नक्ष्या, सगळं. जगात त्याची तेवढी एकच जोड. म्हणजे भाऊंच्या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू. कायद्याप्रमाणे त्यांनी ती पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर काळ्या शाईने, ठळक अक्षरात लिहिलं होतं : 'भंगार'.

दिवाळीच्या आठवडाभर आधी भाऊंची मुलगी भूमिका पुण्याहून आली. ती तिथे मोठ्या कंपनीत आहे आणि तिला पसारा सहन होत नाही. वडील असोद्याला गेलेले पाहून, परत आल्यावर त्यांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून, पोरीने अख्खं दुकान आवरलं. माळ्यावरच्या एका खोक्यावर चक्क 'भंगार' लिहिलेलं. तिने ते भंगारवाल्याला दिलं. मला सांगा, तिचं काय चुकलं?

भाऊ परतले, लखलखीत दुकान पाहून सुखावले, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. माळ्याकडे पाहायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रईसाबी धापा टाकत जिना चढून आल्या. "चिंधाभाई, मेरा मशीन गूंगा हो गया. सुबह से कट-कट आवाज, और अब पडदाच काळा. नऊ दिवसांनी धुळ्याला निकाह आहे, एकवीस दुपट्टे बाकी!"

"बसा रईसाबी, पाणी प्या," भाऊ म्हणाले. "डिस्क गेली असेल. काळजी कशाला करता, तुमचा जीव माझ्या माळ्यावर आहे." आणि स्टुलावर चढले.

माळा आरशासारखा स्वच्छ होता.

"भूमिका, इथलं भंगार कुठे गेलं?"

"भंगारात," भूमिका म्हणाली.

भाऊ स्टुलावरून उतरले नाहीत, तिथेच बसले. रईसाबींनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर सावरून त्या जिना उतरल्या. भूमिका मला नंतर म्हणाली, "काका, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

भंगारवाला फोनवर सापडला. माल तिसऱ्याच दिवशी धुळ्याला मोठ्या शेठकडे गेला होता. बाप-लेक मिळेल त्या एसटीत बसले.

पारोळ्याच्या अलीकडे भूमिकेला राहवलं नाही. "पप्पा, महत्त्वाच्या वस्तूवर 'महत्त्वाचे' लिहितात. साऱ्या जगात."

"अन् मग दृष्ट?"

"हार्ड डिस्कला कोणाची दृष्ट लागते?"

"तुझी लागली ना," भाऊ म्हणाले. मग दोघंही हसले, पण ते हसणं फार टिकलं नाही.

धुळ्याचं गोदाम म्हणजे साऱ्या खानदेशाच्या कॉम्प्युटरांचं अखेरचं स्थानक. एका भिंतीला पडद्यांची रास, दुसऱ्या भिंतीला नुसत्या डिस्का, शेकड्याने. सगळ्यांची खोकी काढून फेकलेली. मधोमध खाटेवर सत्तरीचे टोपीवाले शेठ शेंगा सोलत बसलेले. त्या राशीपुढे भूमिकेचे डोळे भरून आले. प्रत्येक डिस्क घरी नेऊन लावून बघायची म्हटली तरी निकाह उलटून पोरं झाली असती.

भाऊंनी हात जोडले. "शेठ, जळगावहून आलो. चुकून एक डिस्क आली तुमच्याकडे. पुठ्ठ्याचं खोकं होतं, वर लिहिलेलं..." त्यांना ते सांगायलाच लाज वाटली. "वर 'भंगार' लिहिलेलं."

शेठची शेंग हातातच राहिली. "काळी शाई?"

"हो."

शेठ उठले, आतल्या खोलीत गेले आणि परत आले ते खोकं घेऊन. झाकण चिकटपट्टीने बंद होतं तसंच होतं. देवाच्या फळीवर ठेवलं होतं म्हणे. त्यावर कुंकवाचे दोन कणही पडलेले.

"चाळीस वरीस झायात, बठ्ठा खानदेशना भंगार मन्हाकडे येस," शेठ म्हणाले. "पन भंगारवर 'भंगार' कोन लिखस, भाऊ? जे खरंच भंगार शे, त्यावर कोन शाई वाया घालस? मी पोऱ्याले सांगं, हाई फोडू नको. हाई कोनतरी लाडकं शे."

"तुम्ही कसं ओळखलं?" भूमिकेने विचारलं.

"बेटा, मना आगोदर तीन भाऊ गयात," शेठ हसत म्हणाले. "मना नाव उखर्डू शे."

भाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी चिंधा."

मग दोघं असे हसत सुटले, की गोदामातली झोपलेली कुत्री उठून बाहेर गेली. दोन टाकाऊ माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, शेकडो टाकाऊ कॉम्प्युटरांच्या साक्षीने डोळे पुसत होती.

उखर्डूशेठने डिस्कचं काही घेतलं नाही. ऑफिसातला नातवाचा कॉम्प्युटर तेवढा बघून द्या म्हणाले. सारखा आपोआप बंद पडतो. त्यावर सोनेरी अक्षरात 'राजा' लिहिलेलं होतं. भाऊंनी पंख्यातली ओंजळभर धूळ काढली, राजा चालायला लागला. तरी शेठनी आग्रहाने नाव खरवडून घेतलं आणि भाऊंच्या हातून नवीन लिहून घेतलं, 'फुटकं मडकं'. मग शेंगा खाऊ घातल्या, उरलेल्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मेहरूणमध्ये रईसाबींच्या खोलीत डिस्क बसवली. मीही गेलो होतो. काळा पडदा. मग ती जुनी ओळखीची सुरावट वाजली आणि हिरवं मैदान उगवलं. चौदा वर्षांच्या कैऱ्या, वेली, जाळ्या, सगळं जिथल्या तिथे. मशीनने पहिला टाका घातला तेव्हा रईसाबींनी भूमिकेला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. एकवीस दुपट्टे वेळेत धुळ्याला पोचले.

भूमिकेने पुण्याला जाण्याआधी त्या डिस्कच्या आणखी दोन नकला काढल्या. एक असोद्याला, एक दुकानात. दुकानातलीवर छापील चिठ्ठी लावली : 'अतिशय महत्त्वाचे. रईसाबी.' भाऊंना ती चिठ्ठी पाहवत नव्हती, पण या वेळी बोलायला तोंड नव्हतं. दोन दिवस ते माळ्याकडे पाठ करून बसले.

तिसऱ्या दिवशी, भूमिका पुण्याला निघायच्या बेतात असताना, रईसाबी आल्या. हातात हिरव्या सॅटिनची छोटी पिशवी, डिस्कच्या मापाची. चारी बाजूंनी वेल, कोपऱ्यात कैऱ्या, आणि मधोमध जरीच्या धाग्याने, लग्नाच्या दुपट्ट्यालाही घालणार नाहीत अशा नाजूक टाक्यांनी भरलेलं अक्षर न् अक्षर : 'भंगार'.

"नाव तुम्ही ठेवलं, भाई, ते मी नाही बदलणार," रईसाबी म्हणाल्या.

भाऊ पिशवी हातात घेऊन उभेच राहिले. भूमिकेने ती त्यांच्याकडून घेतली, चिठ्ठीसकट डिस्क आत सरकवली आणि नाडी ओढून घट्ट गाठ मारली.