स्विचच्या घड्याळात एक जानेवारी

पळस्पे फाट्याच्या पुढे कंटेनरचं एक गोदाम होतं. तिथे मी तीन महिन्यांच्या बोलीवर नेटवर्कच्या कामाला लागलो होतो. गाव चंद्रपूरच्याही पलीकडे, शाळा नववीतच सुटलेली. केबल ओढता ओढता, दुसऱ्यांच्या मागे उभं राहून बघता बघता जे आलं तेवढंच हाताशी होतं. मॅनेजरसाहेबांनी घेताना कागद मागितला नव्हता. पण पक्कं करताना दहावीचं प्रमाणपत्र मागणार, आणि त्याआधी एक जरी चूक झाली तर तेवढंही निमित्त पुरेल, ही धास्ती रोज डब्यासोबत घेऊन जायचो.

दुसऱ्या महिन्यात साहेबांनी सांगितलं, "गेटवरच्या कॉम्प्युटरवर रखवालदार रात्रभर पिक्चर बघतात, व्हायरस येतो. रात्री आठ ते सकाळी सात तिथलं नेट आपोआप बंद झालं पाहिजे."

आमच्या ऑफिसात चोवीस खणांचा स्विच, म्हणजे नेटची केबल वाटणारी पेटी, होती. एकेका खणातून एकेका कॉम्प्युटरकडे केबल जायची, आणि कुठला खण किती वाजता चालू-बंद व्हावा हे त्या पेटीलाच शिकवता यायचं. मनगटावरच्या घड्याळाला घड्याळ लावून मी पेटीची वेळ बरोबर केली, गेटचे सहा खण वेळेला बांधले. आठाच्या ठोक्याला त्या खणांवरचे सहाही दिवे विझले, सकाळी सातला लागले. पाच दिवस रोज दोन्ही वेळा जाऊन बघितलं. साहेब म्हणाले, "बरं केलंस." त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग मंगळवार आला. मंगळवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असायची. जनरेटरवर फक्त वजनकाटा चालायचा, त्यामुळे गेटपास थांबायचे आणि गाड्या साठायच्या. सव्वातीनला वीज आली. कॉम्प्युटर सुरू झाले, पण गेटवर नेट नाही. पास निघेना. गाड्यांची रांग गोव्याच्या रस्त्यापर्यंत गेली, आणि एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून म्हणाला, "काय राव, बंदरातली बोट काय आमच्या कंटेनरसाठी थांबते का?"

मी केबलची टोकं कापून नवी लावत सुटलो. एक झालं, दोन झाली, तीन झाली. गेटवर पास काढणाऱ्या ताई उरणकडच्या, कोळ्यांच्या घरातल्या. त्या शांतपणे माझ्याकडे बघत बसल्या होत्या.

"बाला, सहा केबली एकदम मरतात का रे?"

"नाही ताई. पण काहीतरी बिघडलंय."

"तुज्या त्या डब्याला घड्याल हाय म्हनालास ना. त्याला सेल हाय का?"

मी केबल कापता कापता थांबलो.

"आमच्या घरान लाल आकड्यांचं घड्याल हाय. लाईट गेली का परत बारावर. आमी मग पोराच्या मोबाइलवर बघून लावतो."

मी कात्री तिथेच टाकून ऑफिसच्या जिन्याने वर पळालो. लॅपटॉप जोडून पेटीची वेळ विचारली. एक जानेवारी, साल दोन हजार, रात्रीचे बारा सदतीस. वीज गेल्यावर तिचं घड्याळ पुसलं गेलं होतं. वीज आल्यावर तिने आपल्या समजुतीने मध्यरात्र धरली आणि मी शिकवल्याप्रमाणे गेट बंद ठेवलं. बिचारीने सांगितलेलंच केलं होतं. मी वेळ दुरुस्त केली. सहाही दिवे लागले. जिवात जीव आला, आणि मी परत गेटवर आलो.

तिथे पास छापायचा आवाज सुरू झाला होता. ताई म्हणाल्या, "काय वाजले होते तुज्या डब्यात?"

"एक जानेवारी होती."

"मग हॅपी न्यू इयर. चल, हो बाजूला, गाड्या काढू दे."

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. मी कारण शोधत नाही बसलो. वेळ हाताने लावली होती, वीज घालवून बघितलंच नव्हतं, असं सांगून टाकलं.

"मंगळवारी लाईट जाते हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं साहेब. डोक्यात आलं नाही."

"आता?"

"आता पेटी सुरू झाली की ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरला वेळ विचारते. त्याच्या घड्याळाला सेल आहे."

"माझ्यासमोर दाखव."

मी पेटीची वायर काढली, शंभर आकडे मोजले, परत लावली. दिवे लुकलुकले, थांबले. स्क्रीनवर आजची तारीख, सहा वाजून दहा मिनिटं. साहेबांनी स्वतःच्या घड्याळात बघितलं. मग टेबलाचा खण उघडून एक फाइल काढली आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून पक्कं करायचंय तुला. शाळेचा कागद आणून दे."

"साहेब, माझ्याकडे नववीपर्यंतचाच दाखला आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "जन्मतारीख आहे ना त्यावर?"

"आहे."

"मग तोच आण."

बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं, आणि दाखला पोस्टाने पाठव म्हणून सांगायला आईला फोन लावला.