साडूंचा कॉम्प्युटर

माझ्या साडूंइतका नेटका माणूस सेनगाव तालुक्यात झाला नाही, आणि नुसत्या नेटकेपणानं स्वतःच्या घराचं इतकं नुकसान केलेला माणूसही मी दुसरा पाहिला नाही. ते वायरमन. भिंतीवरून वायर न्यायची तर आधी ओळंबा सोडत. पुसेगावात एका लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळा बांधायला गेले आणि दोन दिव्यांमधलं अंतर सारखं येईना म्हणून पुन्हा पुन्हा सोडत बसले; मांडवात उजेड पडला तेव्हा नवरी सासरी निघाली होती. ताटातही भाजीची, ठेच्याची जागा ठरलेली. एकदा मेव्हणीनं ठेचा डावीकडे वाढला. त्यांनी नुसतं ताट फिरवून घेतलं. तशी भाजी चुकीच्या जागी गेली, म्हणून पुन्हा फिरवलं. मेव्हणी मला म्हणाली, "ह्या माणसासंगं भांडायची बी सोय न्हाई."

नव्वदच्या दशकात हिंगोलीच्या एका कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या खोलीची वायरिंग साडूंनी केली होती. अर्थिंगचा खड्डाही त्यांनीच खणला, मीठ-कोळसा भरून. यंत्र सुरू झालं त्या दिवशी ते दारात चपला काढून आत डोकावले, तर साहेब म्हणाले, "तुमचं काम झालं ना? बाहेर थांबा." ही गोष्ट साडू विनोदासारखी सांगत, पण सांगून झाल्यावर हसत नसत. दहा-एक वर्षांनी तोच कॉम्प्युटर कचेरीच्या भंगारात निघाला. साडूंनी तो घेतला आणि जीपमध्ये सेनगावपर्यंत मांडीवर धरून आणला, लेकरू आणावं तसा.

त्यांची थोरली मुलगी प्रज्ञा तेव्हा हिंगोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या डिग्रीला होती. तिथं एका कॉम्प्युटरमागे आठ पोरी, हाताला बटनं लागायची ती आठवड्यातून पाच मिनिटं. घरी आलेला डबा जुना असला तरी तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासाला पुरेसा होता. आणि तो चालू झाला, हे मी स्वतः पाहिलं. तिनं काळ्या पडद्यावर आपलं नाव उमटवलं. साडूंनी ते बघितलं, मग डब्याचा पत्रा काढून आत बघितलं, आणि बटन बंद केलं.

आत वीज वाटणारी पेटी होती आणि तिच्यातून निघालेला रंगीत वायरींचा झुपका कसाही कोंबलेला. साडूंना ते पाहवेना.

"पप्पा, चालू हाय की. राहू द्या ना," प्रज्ञा म्हणाली.

"असं गबाळं न्हाई चालवायचं. आठ दिवस थांब. बराबर करून देतो."

आठ दिवसांत त्यांनी पुठ्ठ्याचा तसाच डबा बनवला. त्यात दोरे टाकून प्रत्येक वायरीची लांबी मोजली, वहीत नकाशा काढला. पिवळी कुठून वळेल, लाल कुठून, काळी कुणाच्या मागं लपेल. जुन्या वायरी कापून नव्या जोडायच्या ठरल्या. वायरींवर विणलेलं कापड हवं, पण तसलं काही नांदेडलाही मिळेना, म्हणून परकराच्या पोकळ नाड्यांतून वायरी ओवायला लागले. मेव्हणीनं दोरीवरून परकर काढला की त्यात नाडी नसे. मग पत्र्याला खिडकी कापून काच बसवायचं निघालं, म्हणजे आतलं काम लोकांना दिसेल. खिडकी एका बाजूला किंचित तिरकी कापली गेली. दुसरा पत्रा शोधण्यात दसरा गेला, पुढचा दसराही गेला. मी विचारलं, "पाहुणे, काहून एवढं?" तर म्हणाले, "ह्या टायमाला कुणी बाहेर थांब म्हणू नये."

त्या दोन वर्षांत प्रज्ञा एकदा माझ्याकडे आली. मी शाळेत क्लार्क. हेडमास्तरांच्या खोलीत कपडा झाकून एक कॉम्प्युटर होता, आणि खोलीची किल्ली माझ्या खिशात. "काका, शाळा सुटल्यावर रोज एक तास बसू द्या. कुणाला तकलीफ न्हाई देणार," ती म्हणाली. मी म्हणालो, "सरकारी वस्तू आहे बाळ, उद्या मला विचारतील." त्या कॉम्प्युटरबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

प्रज्ञा प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाली, कॉलेज सोडलं आणि नांदेडला नर्सिंगला गेली. त्यानंतर दोन महिन्यांत साडूंचं काम पुरं झालं. खोटं कशाला बोलू, तसं काम मी कुठं पाहिलं नाही. काचेतून बघावं तर सगळ्या वायरी एका वळणानं खाली उतरलेल्या, पेरलेल्या तुरीच्या ओळींसारख्या. सेनगावातून माणसं बघायला आली. साडूंनी कुणालाच बटन दाबू दिलं नाही.

एप्रिलात जयंतीला प्रज्ञा घरी आली. साडूंनी तिला खुर्चीवर बसवलं. "दाब."

तिनं काचेतून बराच वेळ पाहिलं. "लई छान केलं पप्पा," म्हणाली, आणि उठून आईला स्वयंपाकात हात लावायला गेली. साडूंनी पत्र्यावरून हात फिरवला आणि ते जयंतीच्या दिव्यांच्या माळा बांधायला चौकात निघून गेले.

मागच्या वर्षी आम्ही दोघं तिला भेटून नांदेडहून एसटीनं परत येत होतो. ती आता वॉर्डची सिस्टर आहे, रुग्ण तिला मानतात. औंढ्याच्या पुढं साडू खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पाहुणे, चालू झालं होतं त्या दिवशी तसंच ठेवायला पायजे होतं. पोरीचं मीच घालवलं."

प्रज्ञा माझ्याकडे आली होती, हे तिनं त्यांना कधी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. "जाऊ द्या," एवढंच म्हणालो. सेनगावला उतरलो तेव्हा माझा गुडघा धरला होता. साडूंनी न विचारता माझी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि माझ्या चालीनं, हळू हळू, मला घरापर्यंत सोडायला आले.