एरंडेल प्यालेली मोटार

तळोद्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या इचरजबाई ठेवणीतल्या प्रत्येक वस्तूला एरंडेल लावतात. तुरीच्या डाळीला, गव्हाला, कुलपांना, बिजागऱ्यांना आणि नातवांच्या टाळूला. मारवाडातून परकरी वयात त्या इथे सून म्हणून आल्या, तेव्हा सासूने स्वयंपाकाच्याही आधी ही एक गोष्ट शिकवली, आणि त्यांनी ती इतकी मनावर घेतली की पुढे मोटारीलाही सोडलं नाही.

ही मोटार त्यांचे यजमान छगनलाल यांची. कापसाच्या व्यापारात चार बऱ्या सुग्या आल्या तेव्हा त्यांनी घेतलेली, तळोद्यातली पहिली. बाईंना तीत बसायचा योग फारसा आला नाही, कारण सासूच्या मते घरची बाई घुंगट घेऊन उघड्या मोटारीत बसली काय आणि बाजारात खाट टाकून बसली काय, सारखंच. पुढे छगनलाल आजारी पडले. त्याआधी त्यांनी इंजिनाचे प्लग साफ करायला म्हणून काढून डब्यात ठेवले होते, ते डब्यातच राहिले. यजमान गेले, ड्रायव्हर भाईदास टांगा हाकू लागला आणि मोटार गोठ्यात गाईंच्या शेजारी उभी राहिली.

दर चैत्रात डाळीला तेल लावायचं काम निघालं की इचरजबाई वाटी घेऊन मोटारीकडेही जायच्या. इंजिनावरची उघडी भोकं पाहून त्यांनी त्यांत चिंध्यांचे बोळे बसवले होते. बोळा काढायचा, पळीभर एरंडेल आत सोडायचं, बोळा परत लावायचा. अशी किती वर्षं गेली, त्यांनाच ठाऊक नाही.

सन अडतीसच्या फाल्गुनात नंदुरबारहून बातमी आली, त्यांची लेक उमरावबाई हिला दिवस गेले आहेत. लग्नाला बरीच वर्षं होऊन पहिल्यांदाच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच. पण सासरचे बैलगाडीतून पाठवायला तयार नव्हते. तापीचं पात्र, दोन्ही काठांचा उतार आणि मधले दगडगोटे पाहता त्यांचं चुकलंही नव्हतं. उतारूंची सर्व्हिस मोटार नदीच्या काठापर्यंतच यायची, आणि तीत माणसांच्या मांडीवर बकऱ्या. विहीणबाईंनी मात्र निरोपाला एक शेपूट जोडलं होतं. तुम्ही मोटारवाले म्हणवता ना, मग दारात मोटार येऊ द्या, त्याच दिवशी पाठवते.

हा निरोप मला सांगताना इचरजबाई हसल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मीही लेकींची आई आहे. माझी थोरली पुण्याला वसतिगृहात साधी शिंकली तरी इथे माझा घास अडतो. त्या बोटाला गुंडाळलेल्या पदराचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता.

नेमकं त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा उमेदमल याने मोटार भंगारात द्यायचं ठरवलं होतं. त्याला त्या जागी म्हैस बांधायची होती. भंगारवाल्याची गाडी दारात आली, बाई गोठ्यात गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या की आज मोटार हलणार नाही. पुढच्या दिव्यात चिमणीने घरटं केलं होतं आणि आत पिल्लं होती. जैनाच्या घरात यावर वाद कोण घालणार? उमेदमलने भंगारवाल्याला पुढच्या बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं. आईला एवढंच म्हणाला, की तोवर मोटारीने नुसता आवाज जरी केला तरी मी म्हैस घेणार नाही.

बाईंनी भाईदासला बोलावलं. तो टांग्याचा चाबूक खांद्यावर टाकूनच गोठ्यात शिरला. पत्रा बोटाने दाबला तर बोट आरपार गेलं. आत बसून पाहिलं तर तळ गंजून गळालेला, पाय थेट शेणात. रबराचे तुकडे हातात येत होते. बराच वेळ हँडल मारून तो घामाघूम झाला, पण इंजिन तसूभर हललं नाही.

"मायबाई, हाई मरी गई. इन्हं तेरावं बी व्हई गयं," त्याने निकाल दिला.

बाई इतक्या वर्षांत अहिराणी उत्तम शिकल्या आहेत. म्हणाल्या, "तुन्हा घोडा बी मरेल दिखस. तरी टांगा चालस ना?"

भाईदासला हे लागलं असावं. त्याने एक बोळा उपटला आणि बोट आत घातलं. बोटाबरोबर काकवीसारखी चिकट तार बाहेर आली. त्याने वास घेतला, बाईंकडे पाहिलं आणि खाली बसून पोट धरून हसला. बाहेरून मोटार गंजून चाळण झाली होती, पण इंजिनाच्या पोटात गंजाचा कण नव्हता. सगळं एरंडेलात मुरलं होतं, आणि त्या एरंडेलाचाच डिंक होऊन इंजिन गच्च बसलं होतं.

"मग काढ की तो डिंक," बाई म्हणाल्या.

त्याने रॉकेल ओतून पाहिलं. उकळत्या पाण्याची फडकी बांधून पाहिली. डिंक काही सुटेना. मी भिंतीपलीकडून रोज बातमी घेत होते. एकदा धुणं वाळत घालताना मला कॉलेजातला प्रयोग आठवला. एरंडेल रॉकेलमध्ये नीट मिसळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र सहज विरघळतं. तशीच ओल्या हातांनी गोठ्यात गेले आणि सांगून टाकलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे स्पिरिट होतं ते सुया पुसण्यापुरतं. इथे तर तांब्यांनी लागणार.

भाईदासचा चेहरा उजळला. "मास्तरीणबाई, स्पिरिट तं आपला डोंगरमा उतरस!"

त्याला म्हणायची होती मोहाची, पहिल्या धारेची दारू. मी जीभ चावली. ज्या घरात सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत, त्या घरी मी हा उपाय नेला होता. उमेदमल आधी हसला, मग म्हणाला की दारू उंबऱ्याच्या आत आली तर मी या घरात जेवणार नाही. त्या दिवशी इचरजबाई जेवल्या नाहीत एवढं त्यांच्या सुनेकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मंदिरातून येताना त्या परस्पर माझ्याकडे आल्या. मी विचारलं, मुनी महाराजसाहेबांचा सल्ला घेतलात का? म्हणाल्या, विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून नाही विचारलं. त्यांनी स्वतःच तोडगा काढला होता. दारू घरात आणायची नाही, मोटारच घराबाहेर न्यायची. रस्त्यापलीकडच्या निंबाखाली. ओतणाऱ्याने ओतावं, आपण दाराच्या आत बसून नवकार मंत्र म्हणावा, आणि मोटार शुद्ध होईपर्यंत दिवसातून एकदाच जेवावं.

"मोटार कधी शुद्ध झाली, हे कसं कळायचं?" मी विचारलं.

"लेक घरी आली की."

बाजाराच्या आदल्या दिवशी पिल्लं उडाली. बाईंनी घरटं उचलून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलं आणि मोटार ढकलायची परवानगी दिली. आळीतले झाडून सारे पुरुष लागले, चाकं कुरकुरत फिरली, एक दार वाटेतच गळून पडलं. संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून भाईदासची मानलेली बहीण दिवलीबाई डोक्यावर मडकं घेऊन आली. एवढी पहिल्या धारेची कुणाच्या लग्नाला, असं ती विचारत होती. मोटारीसाठी, हे कळल्यावर तिला ते मुळीच पसंत पडलं नाही. लोखंडाला दुसऱ्या धारेची पुरे, असं तिचं मत. तरी तिने रिवाजाप्रमाणे आधी जमिनीवर धार सोडली, देवाचं नाव घेतलं, मग चार थेंब मोटारीच्या कपाळावर शिंपडले आणि भोकाभोकांतून मडकं रिकामं केलं. मोबदला म्हणून तिने एकच मागितलं. मोटार उठली तर वेशीपर्यंत तिला बसवून न्यायचं.

सकाळी भंगारवाला गाडी घेऊन निंबाखाली हजर. शेजारी उमेदमल, त्याच्या हातात म्हशीसाठी आणलेला नवा दोर. भाईदासने डब्यातले प्लग घासून बसवले, पेट्रोल घातलं आणि हँडल धरलं. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला आत काहीतरी सुस्कारलं. मग हँडल फिरलं, अगदी सैल. त्यानंतर मात्र तो मारतच राहिला, तो दमल्यावर चक्क भंगारवाल्याने अंगरखा काढून हँडल घेतलं, आणि त्याच्या हाताखाली मोटार शिंकली, खोकली, पांढऱ्या धुराचा लोट सोडून धडधडू लागली. सगळ्या आळीत मोहाचा वास पसरला. दाराच्या आत नवकार थांबला. उमेदमल दोराकडे पाहत राहिला आणि मग त्यानेच तो गळालेलं दार बांधायला वापरला.

पुढचे काही दिवस तळाला फळ्या ठोकण्यात आणि मिळतील तसले टायर बसवण्यात गेले. ट्यूबा मिळेनात, म्हणून भाईदासने टायरांत कापसाच्या जिनिंग कारखान्यातला रुईचा कचरा दाबून भरला. मग आम्ही निघालो. मला बरोबर न्यायचं बाईंनीच ठरवलं. इंजिनात पुन्हा काही अडलं तर कॉलेज जवळ असावं, म्हणाल्या. दिवलीबाई वेशीपर्यंत बसली, आणि वेस आल्यावर आणखी एका मैलानंतर उतरली. तापीच्या पात्रातून मोटार बैलांनी ओढून काढली. सगळी वाट मी दार दोन्ही हातांनी धरून होते आणि प्रत्येक खड्ड्याला मनात म्हणत होते, परत येताना पोटुशी पोर असणार. इचरजबाई मात्र प्रथमच पुढे बसल्या होत्या. घुंगट वाऱ्याने कधीच मागे गेला होता.

नंदुरबारला विहीणबाई दारात आल्या. मोटार पाहून त्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग नाक आक्रसलं. मोहाचा वास अजून गेला नव्हता.

"हे कोण पिऊन आलंय?" त्यांनी विचारलं.

इचरजबाई सावकाश उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "मोटार प्यायली आहे, विहीणबाई. मी एक वेळ जेवते आहे. लेकीचं गाठोडं आणा."

परत यायला आम्हाला दुप्पट वेळ लागला. भाईदास माणसाच्या चालीने मोटार हाकत होता आणि उमरावबाई आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. दिवस मावळायच्या आत घरी पोचायलाच हवं, म्हणून मीच पुन्हापुन्हा सूर्याकडे पाहत होते. पोचलो. त्या संध्याकाळी इचरजबाई लेकीबरोबर दुसऱ्यांदा जेवल्या.

नातू आता रांगतो आहे. मोटार रंगवलेली नाही, तिचं दार अजून म्हशीच्या दोराने बांधलेलं आहे. हे लिहीत असताना शेजारी तो उठून रडतो आहे आणि इचरजबाई त्याला काहीतरी गुणगुणत आहेत. बहुतेक टाळूला एरंडेल चालू असेल. मोटारीला मात्र भाईदासने सक्त मनाई केली आहे.