भाऊ असल्यामुळे

रेडिओ केंद्रात त्याला सगळे 'सकृद्दर्शनी' म्हणत. सव्वीस वर्षं सरकारी वकिली करून निवृत्त झालेला हा माणूस दर गुरुवारी सकाळी मोठमोठ्या सरकारी चौकशांचा अर्थ उलगडून सांगे. आरोपपत्र तो शेवटून वाचायचा. आधी साक्षीदारांची यादी, मग पुरावे, आरोप सगळ्यांत शेवटी. "आरोप आधी वाचला की पुढचं सगळं खरं वाटायला लागतं," असं त्याचं म्हणणं. सत्ताधारी त्याला विरोधकांचा म्हणत, विरोधक सत्ताधाऱ्यांचा.

"साहेब, तुम्ही चहालासुद्धा सकृद्दर्शनी गोड म्हणाल," निवेदिका चिडवायची.

"प्यायल्याशिवाय तेवढंच म्हणता येतं, बाई."

आरोग्य खात्यातल्या यंत्रखरेदीची चौकशी सुरू झाली. दोन मंत्री अडकण्याची चिन्हं होती. त्याच आठवड्यात त्याचा धाकटा भाऊ घरी आला. भाऊ त्या खात्यात भांडारपाल होता.

"दादा, मला बोलावलंय चौकशीला. पोचपावतीवर सही माझी आहे. पण झालं काय, की..."

"थांब." त्याने हात वर केला. "एक शब्द बोलू नकोस. तू मला काही सांगितलंस तर उद्या मलाच साक्षीला उभं करतील. चांगला वकील गाठ."

"वकील गाठतो रे. तुला नुसतं सांगायचं होतं."

"तेच नको."

भाऊ थोडा वेळ बसला. कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिला. मग "येतो" म्हणून गेला.

गुरुवारी माइकसमोर तो म्हणाला, "या चौकशीत माझ्या सख्ख्या भावाला बोलावणं आलं आहे. भाऊ असल्यामुळे मी या प्रकरणावर बोलणार नाही. श्रोत्यांना हे ठाऊक असायला हवं." केंद्रातून तो ताठ मानेने बाहेर पडला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

चौकशीला बोलावलेल्यांची नावं तोवर कुठेच जाहीर झालेली नव्हती. हे त्याला माहीत होतं, पण बोलताना लक्षात आलं नाही. त्याचं सगळं आयुष्य कोर्टात गेलं होतं, आणि तिथे नावं आधीच फळ्यावर लागलेली असतात.

दुपारी भावाच्या इमारतीखाली कॅमेरे उभे राहिले. भावजयीचा फोन आला. "दादा, निदान आधी आम्हाला सांगायचंत तरी." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. भांडारात सोबतचे लोक डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागले. कुणी टाकून बोललं नाही. कुणी बोललंच नाही. चार महिन्यांनी भावाने नोकरी सोडली.

अहवाल यायला वर्ष लागलं. अहवाल हातात पडला त्याच दिवशी तो भावाच्या घरी गेला. भाऊ स्टुलावर बसून खिडकीची बिजागरी घट्ट करत होता.

"तुझ्यावर ठपका नाही," तो म्हणाला. "उलट तू पोचपावतीवर लिहिलं होतंस ना, यंत्रांची खोकी उघडून दाखवली नाहीत म्हणून? त्या एका ओळीवर सगळी चौकशी उभी राहिली. ती ओळ नसती तर मंत्री सुटले असते."

"तेच सांगायला आलो होतो त्या दिवशी."

त्याने हातातला अहवाल मिटला. बाजू मांडायला दोन्ही बाजू लागतात; इथे एकच होती.

"गुरुवारी सांगतो मी. तुझं नाव घेऊन सांगतो. सगळ्यांना कळू दे."

"नको, दादा." भावाच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आता कुठे लोक विसरायला लागलेत."

भावजयीने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली. भाऊ पुन्हा स्क्रू फिरवू लागला. मग वर्षभर न विचारलेला प्रश्न त्याने विचारला.

"काय झालं होतं रे तेव्हा?"

भावाने वर पाहिलं नाही.

"वाचलंस ना?"