वरणाच्या बादलीसकट

लोहाऱ्यात तहसीलसमोर श्रावस्तीचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिच्या लेझर प्रिंटरमधून चकचकीत कागदावर फोटो निघताना मी कितीदा तरी पाहिलेत, तरी दरवेळी तोंड उघडंच राहतं. रंगाची कोरडी पूड तापलेल्या रोलरखाली जाते आणि माणूस होऊन बाहेर येते!

बाई तोंडाची फटकळ. शाईच्या प्रिंटरचा कागद कुणी आणला की, "आत वितळून चिकटला तर मशीन तुम्ही देणार का?" म्हणून हाकलते. गेलेल्या माणसांना फोटोत सूट-टाय चढवायची मात्र तिला भारी हौस.

परवा मथुराबाई आल्या. त्यांचे मालक, आबाराव, नुकतेच वारले. पुण्यानुमोदनाच्या विधीत ठेवायला फोटो हवा होता. नातवाच्या मोबाइलमध्ये एकच सापडला होता: लग्नाच्या पंगतीत, हातात बादली, वाकून वरण वाढताना. श्रावस्तीनं बादली पुसली, कोट चढवला आणि स्क्रीनवर दाखवलं.

"ह्ये कोण सायेब?" मथुराबाई म्हणाल्या. "आमच्या माणसानं जन्मभर लोकास्नी वाढलं. बादली ऱ्हाऊ दे."

श्रावस्ती कुणाचं ऐकत नाही. पण तिनं कोट काढला. बादलीसकट आबाराव सरकत बाहेर आले, लखलखीत. मथुराबाईंनी फोटोतल्या गालावर तळवा ठेवला आणि त्या दचकल्या.

"पोरी, आंग गरम हाय की गं यांचं!"

रोलर किती तापतो हे श्रावस्ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "व्हय, आजी."