कात्रीबाईंचा उजवा गाल

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणायचे. ती कपडे दुरुस्त करायची म्हणून नव्हे, तिची जीभ तशी चालायची म्हणून. तंग झालेले कोट, लांब झालेल्या विजारी घेऊन लोक तिच्या रस्त्याकडच्या खोलीत येत. कापडाला कात्री लागायच्या आधी माणसाला लागायची. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात टाचण्या धरायच्या आणि डाव्या कोपऱ्यातून बोलायचं, ही तिची रीत. "पोट आत घेऊ नका साहेब, घरी गेल्यावर ते बाहेर येणारच आहे." साहेब हसायचे आणि पुढचा कोट घेऊन पुन्हा तिच्याकडेच यायचे.

हसू येत नसे ते एकट्या नवऱ्याला. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचा आणि दाराआडून बायकोच्या तोंडाचा पट्टा ऐकत राहायचा. त्याने सुरू केलेली एकही गोष्ट तिने कधी त्याला संपवू दिली नव्हती, हेही खरंच.

एका सकाळी दात घासताना तिच्या उजव्या गालातून कुणीतरी तापलेली सुई ओढून काढल्यासारखं झालं. ब्रश हातातून पडला. क्षणभराचंच दुखणं, पण तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. मग ते रोजचंच झालं. घास चावला की कळ, पंख्याचा वारा लागला की कळ, पदराचं टोक गालाला लागलं तरी कळ. गालावर ना सूज, ना लाली. दाखवायचं तरी काय?

दाताचा डॉक्टर म्हणाला, "दात तसा चांगला दिसतोय. पण तुम्ही म्हणता तर काढू." त्याने तो काढला. दात गेला, कळ राहिली. मग त्याने शेजारचा काढला.

पुढे बोललं तरी कळ येऊ लागली आणि कात्री गप्प झाली. टाचण्या ओठांतून मनगटावरच्या गादीत गेल्या. गिऱ्हाइकाला ती हाताने खुणा करायची, इकडे वळा, हात वर करा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लोक म्हणाले, कात्रीची धार गेली. शेजारीण तर नवऱ्याला म्हणाली, "भाऊजी, वहिनी किती शांत झाल्या हो! सुटलात तुम्ही."

आणि तो खरंच खुशीत होता. जेवताना पोस्टातल्या गोष्टी सांगायचा, अगदी शेवटापर्यंत. ती समोर पातळ सूप चमच्याने डाव्या गालात सोडत बसलेली असायची. त्याला वाटायचं, ऐकतेय.

उन्हाळ्यात तो तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिला बोलवेना, म्हणून सगळं त्यानेच सांगितलं. डॉक्टरांनी गालाला नुसतं बोट लावलं तशी ती किंचाळली. नर्सने तिला धरून बाहेर बाकावर बसवलं. थोड्या वेळाने नवरा बाहेर आला. "वयाचं आहे म्हणतात. सोसायचं." तिने मान हलवली. आठ दिवसांनी ती एकटीच दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि तिसरा चांगला दात काढून आली.

थंडीत तीच नर्स गणवेश आखूड करायला आली. स्टुलावर उभी राहता राहता म्हणाली, "मावशी, तुम्ही परत आलाच नाहीत! डॉक्टरांनी गोळ्या सुरू करायला बोलावलं होतं ना?"

खाली बसून टाचण्या लावणारे हात थांबले.

"तुमच्या मालकांना सगळं समजावलं होतं की. दातांचं नाही, नसेचं दुखणं आहे. कानापासून तिचे तीन फाटे निघतात, कपाळाकडे, गालाकडे, जबड्याकडे. चेहऱ्याला लागलेलं कळतं ते तिच्यामुळे, घास चावता येतो तोही तिच्यामुळेच. गोळ्या आहेत, नाहीतर ऑपरेशन आहे. एवढं का सोसलंत?"

कात्रीने गणवेशाचा घेर सगळीकडून नीट टाचला. तिचं काम कधीच वाकडं जात नसे. नर्स गेल्यावर ती आत आली, गालापासून वीतभर लांब हात धरून नवऱ्यासमोर उभी राहिली आणि एवढंच बोलली, "का?"

त्या एका शब्दाची कळ तिच्या डोळ्यांतून पाणी काढून गेली. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला वाटलं, जाईल आपोआप." मग खाली बघत म्हणाला, "आणि घर शांत होतं. जरा बरं वाटत होतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब तरी कुणाच्या नावाने मारायची? तिचे तर दातही गेले होते.

पुढे ती नर्सच्या सोबतीने गेली. गोळ्यांनी काही दिवस उतार पडला, मग ऑपरेशन झालं. कळ गेली, पण उजव्या बाजूची जाणीवही गेली. पहिल्याच आठवड्यात सवयीने टाचण्या उजवीकडे धरल्या, तर गिऱ्हाईक ओरडलं, "बाई, ओठातून रक्त येतंय!" तिला पत्ताच नव्हता. तेव्हापासून टाचण्या डावीकडे आणि बोलणं उजवीकडून. आणि काय बोलणं! साठलेलं सगळं बाहेर आलं. बाहेरच्या खोलीत पुन्हा हशा पिकू लागला.

आतल्या खोलीत मात्र ती एक शब्द बोलत नसे.

एकदा जेवताना तिच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्याला भाताचं शीत चिकटलं होतं. नवऱ्याने हात पुढे करून ते पुसलं. तिने गाल मागे घेतला नाही. त्या गालाला हात लागल्याचंच तिला कळलं नव्हतं.

"अगं, बोल की काहीतरी," तो म्हणाला. "आता दुखत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "घर शांत असलं की जरा बरं वाटतं."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. ती ताट तसंच ठेवून उठली, जाताना मधलं दार ओढून घेतलं आणि पलीकडून लगेच हसण्याचा आवाज आला. त्याने खुर्ची दाराजवळ सरकवली आणि ऐकत बसला.